होडी शांत माणसाकडे येते

मी आयुष्यात एकच व्हिडिओ गेम खेळलो आणि त्यात एकदाही हरलो नाही. ही फुशारकी नाही. कसा जिंकत होतो ते मला तेव्हा कळत नव्हतं, आणि आता थोडंफार कळलंय तर त्याला जिंकणं म्हणावं की नाही याचाच पत्ता लागत नाही.

मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. एका रविवारी, मार्केट बंद म्हणून मी घरात लोळत पडलो होतो, तेव्हा ती प्रोजेक्टचं सामान घेऊन हॉलमध्ये आली. कपाळावर बांधायचे दोन पट्टे होते. पट्ट्याला आतून तीन चकचकीत बटणं, एक वायर निघून तिचा चिमटा कानाच्या पाळीला, आणि दुसरी वायर लॅपटॉपला. बाकी सगळा कारभार लॅपटॉपमध्ये. तिने समजावलं की माणसाच्या डोक्यात सतत बारीकशी वीज चालू असते, पट्टा ती पकडतो आणि माणूस आतून शांत आहे की अस्वस्थ ते कॉम्प्युटरला कळवतो. मी म्हटलं, डोक्यात वीज असती तर आतापर्यंत कुणीतरी मीटर बसवून बिल पाठवलं असतं. ती हसली नाही. हा विनोद तिला माझ्याआधी बऱ्याच जणांनी ऐकवला असावा.

गेम तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून बनवला होता. पडद्यावर खाडी, खाडीच्या मधोमध होडी आणि दोन काठांवर दोन खेळाडू. मागे वाशीचा पूल काढला होता, त्यावरून गाड्या सुळसुळ जात होत्या, एकही अडकलेली नव्हती. खेळायचं म्हणजे काही करायचं नाही. हात लावायचा नाही, बटण दाबायचं नाही, नुसतं पट्टा बांधून बसायचं. जो जास्त शांत, त्याच्या काठाकडे होडी सरकते. ज्याच्या काठाला लागली तो जिंकला. मी विचारलं, मग मजा कसली? ती म्हणाली, खेळून तर बघा.

कपाळावरचं तेल कापसाने पुसून तिने मला पट्टा बांधला आणि समोर बायकोला बसवलं. बायकोची टिकली नेमकी बटणाच्या जागी येत होती. टिकली काढायला ती काही केल्या तयार होईना, शेवटी वर केसांच्या रेषेपाशी सरकवून तडजोड झाली. खेळ सुरू झाला, आत कुकरची शिट्टी वाजली, बायकोने मान वळवली आणि होडी धावत माझ्याकडे आली. मग खालच्या मजल्यावरून धाकट्या भावाला बोलावलं. तो वर्षभर योगाच्या क्लासला जातो आणि आम्हाला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत असतो. त्याने मांडी घातली, डोळे मिटले, तीन वेळा खेळला आणि तिन्ही वेळा हरला. मशीन घरमालकाच्या बाजूने आहे असं म्हणून तो चहा न घेताच खाली गेला.

मुलगी खूश झाली. तिला बारा माणसांची नोंद हवी होती, प्रत्येकाला एक नंबर द्यायचा होता, मला चार नंबर मिळाला. सब्जेक्ट चार. इतका शांत माणूस आमच्या यादीत दुसरा नाही, ती म्हणाली.

मी मात्र चक्रावलो होतो. आदल्याच दिवशी एका व्यापाऱ्याने सौदा ठरल्यावर माल नाकारला होता, आणि पट्टा बांधून बसलो होतो तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. तरी होडी माझ्याकडे. म्हणजे मी शिव्या देताना शांत असतो? की शिव्या शांतपणे देतो? हे मुलीला विचारायची सोय नव्हती, कारण मग शिव्या सांगाव्या लागल्या असत्या.

इथे माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. नवीन शहर वसवायला आमची शेती गेली तेव्हा वडील वाशीच्या फळ मार्केटमध्ये लागले आणि त्यांच्यामागून मी. आंब्याचा भाव ठरवणं हे माझं काम. मी शिकलो तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात हातात घेत, वर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं दाबून पेटीचा भाव सांगत. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नसे. आता हे कमी झालंय, पण माझा चेहरा त्या रुमालाखालीच घडला. समोरच्याने हवा तो भाव दिला तरी डोळ्यांत आनंद दिसता कामा नये, आणि अगदीच पाडून मागितला तरी भुवई उचलता कामा नये. सुरुवातीला माझी भुवई उडायची. वडील मागे उभे राहून माझं कपाळ अंगठ्याने दाबून धरत. भाव तोंडावर आला की गेला, असं ते म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन-तीन वर्षांत माझं कपाळ दगडासारखं झालं आणि मार्केटमध्ये माझं नाव झालं.

घरी मात्र त्याचं कौतुक कुणाला नव्हतं. बायको अजून सांगते की तिला बघायला आम्ही तिच्या गावी, उरणकडे गेलो होतो तेव्हा माझं तोंड बघून तिला वाटलं होतं की हा मुलगा नकार देणार. मी तर तिला बघताक्षणी होकार ठरवला होता. चार दिवसांनी निरोप गेला तेव्हा तिच्या घरच्यांनी म्हणे पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

तर त्याच उन्हाळ्यात, ऐन आंब्याच्या सीझनमध्ये, मुलीला जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. पुढचं शिक्षण, दोन वर्षं, आणि नंतर तिकडेच नोकरी मिळण्याची शक्यता. तिने पत्र मोबाईलवर दाखवलं आणि विचारलं, जाऊ का? आम्हाला ती एकच. तिने जाऊ नये असं मला वाटत होतं. यात काही खोल वगैरे नव्हतं. सकाळी चारला मी निघतो तेव्हा तिच्या खोलीचा दरवाजा अर्धा उघडा असतो आणि पंख्याचा आवाज येत असतो, तो आवाज मला हवा होता. पण मी म्हणालो, बघ, तुला पटेल ते कर.

हे मी का म्हणालो? मी यावर फार विचार केलाय आणि मला एकच उत्तर सापडतं, ते सांगायलाही लाज वाटते. मला वाटलं, पोरगी माझीच आहे, ती भाव काढतेय. आमच्याकडे पहिला आकडा कुणी खरा सांगत नाही. सांगायचा, समोरच्याचं तोंड बघायचं, मग हळूहळू खऱ्या आकड्यावर यायचं. आणि जो आधी बोलला तो हरला. मला वाटलं, तिलाही जायचं नाहीये, ती फक्त मी काय म्हणतो ते बघतेय. मी गप्प राहिलो तर ती स्वतःच एक पायरी खाली येईल, म्हणेल की जाऊ दे पप्पा, इथेच बघते काहीतरी. मौनं सर्वार्थसाधनम्. मी वाट बघत राहिलो आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

असे दोन आठवडे गेले. मग एका रविवारी दुपारी ती पुन्हा पट्टे घेऊन आली. अजून थोडी नोंद लागतेय म्हणाली, आणि या वेळी समोर स्वतः बसली. तिच्याविरुद्ध मी पहिल्यांदाच खेळत होतो. होडी निघाली, आधी थोडी तिच्याकडे सरकली, मग थांबली. खाडीचं निळं पाणी, मागचा पूल. मी पाण्याकडे बघत होतो.

ती म्हणाली, "पप्पा, मी गेले तर तुमाला चालेल ना?"

मी म्हणालो, "चालेल."

होडी माझ्याकडे यायला लागली. डुगडुगली नाही की अडखळली नाही, सरळ माझ्या काठाला लागली. मुलगी सगळा वेळ पडद्याकडे बघत होती. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. मग तिने स्वतःचा पट्टा काढला, माझा काढला, कपाळावर बटणांचे वळ उठले होते ते अंगठ्याने पुसल्यासारखं केलं आणि ठीक आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आली ती युनिव्हर्सिटीला होकार कळवूनच.

मला मशीनचा संताप आला. त्या पट्ट्याला काय अक्कल? पण संताप ओसरल्यावर भीती वाटायला लागली. समजा, त्याला अक्कल असली तर? आत काही हललंच नसेल म्हणून होडी सरळ आली असेल तर? तीस वर्षं मी आतलं बाहेर दिसू दिलं नाही. दिसू दिलं नाही म्हणता म्हणता ते संपून तर गेलं नसेल? वापरात नसलेल्या विहिरीचं पाणी जातं म्हणतात. तिने जाऊ नये असं मला वाटत होतं, पण ते मला खरंच वाटत होतं की बापाला असं वाटायला हवं म्हणून मी तसं धरून चाललो होतो? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की बाहेर निघत नाही. आंब्याच्या पेट्यांमध्ये उभं राहून मी स्वतःला विचारायचो, आता तुला काय वाटतंय? आणि उत्तर यायचं, ऊन लागतंय.

एका दुपारी मार्केटमधून आलो तर बायको तिच्या मैत्रिणीकडे आणि मुलगी कॉलेजला. लॅपटॉप टेबलावरच होता. एकट्याने सराव करायची सोय त्यात होती, ती मुलीने मला दाखवून ठेवली होती. मी कपाळ पुसून पट्टा बांधला आणि चिमटा कानाला लावला. मग मुद्दाम वाईट विचार करायला बसलो. विमानतळावरचा काचेचा दरवाजा डोळ्यांपुढे आणला, तिला आत जाताना बघितलं. होडी माझ्याकडे. माझी आई गेली तो दिवस आठवला. होडी माझ्याकडे. लहानपणी मुलगी तापाने फणफणली होती आणि डॉक्टर सापडत नव्हता ती संध्याकाळ आठवली. छातीत धडधडायला लागलं, हात ओले झाले, ते मला कळत होतं. होडी आली आणि काठाला लागली, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत अभिनंदन आलं. मला इतकं गोंधळल्यासारखं झालं की पट्टा काढायचा विसरून मी तसाच पाणी प्यायला उठलो, आणि वायर ओढली जाऊन लॅपटॉप पडता पडता वाचला. माझं खरं कोणतं, ही धडधड की ते अभिनंदन? वय पन्नाशीच्या पुढे गेल्यावर माणसाला निदान स्वतःबद्दल तरी एवढं माहीत असावं.

मे महिन्यात प्रोजेक्ट संपला. मुलगी घरी आली ती हसत, पण थोडी खट्टू होऊन. तिच्या गाइड सरांनी सगळी नोंद तपासली होती. निघालं असं की तो स्वस्तातला पट्टा डोक्यातली वीज फार थोडी पकडत होता. कपाळाचे स्नायू हलले की त्याला मोठा खळखळाट ऐकू जायचा आणि तो माणसाला अस्वस्थ ठरवायचा. भुवई उचलली, दात आवळले, पापणी जोरात मिटली, की होडी गेली. काकाने डोळे घट्ट मिटले होते म्हणून तो हरला, आईने मान वळवली म्हणून ती हरली. मुलीने आणि मैत्रिणीने रिपोर्टमध्ये ही चूक प्रामाणिकपणे लिहिली, त्याबद्दल त्यांना मार्कही चांगले मिळाले. फक्त माझी नोंद सरांनी काढून टाकायला सांगितली. कारण बाकीच्यांची कपाळं थोडीतरी हलत होती, माझं हलतच नव्हतं. सर म्हणाले, हा माणूस होता का पुतळा? बाराचे अकरा झाले. सब्जेक्ट चार वगळला.

हे ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी आतून मेलेलो नव्हतो. मशीन आंधळं होतं, मला वाटत होतं ते मला खरंच वाटत होतं. मी देवापुढे उदबत्तीसुद्धा लावली. बायकोने विचारलं आज काय विशेष, तर मी म्हटलं, पोरीला चांगले मार्क पडले.

उदबत्ती विझायच्या आत दुसरी गोष्ट लक्षात आली. मशीन आंधळं होतं, पण मुलीने त्याच मशीनवर विश्वास ठेवून होकार कळवला होता. आता तिलाही कळलंय की ते आंधळं होतं. मग तिला हेही कळलं असेल का, की माझं 'चालेल' खोटं होतं? हुशार मुलगी, तिच्या लक्षात आलंच असेल. आलं असेल तर ती बोलत का नाही? नसेल आलं तर मी बोलावं का? आणि बोलून काय सांगायचं, की तुझी होडी चुकली, आता परत फिर? पुन्हा माझं तेच. मी वाट बघायला लागलो, ती काही म्हणते का. ती व्हिसाचे कागद गोळा करत होती.

बायकोच्या सगळं लक्षात आलं होतं. तिच्यापुढे माझ्या कपाळाचं काही चालत नाही, ती माझ्या जेवणावरून ओळखते. मी दोन चपात्यांवर उठायला लागलो होतो. एका रात्री ताट उचलता उचलता ती म्हणाली, "तुमच्या मनात काय हाय ते तिला कसं कलनार? ती काय देव हाय? बोला की एकदा." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघत बसा, बैल गेला नि झोपा केला.

गणपती झाले. बरं झालं, गणपतीपर्यंत ती होती. विसर्जनाला तलावापर्यंत ती नाचत गेली, आणि घरी येताना तिचा आवाज बसला होता. त्यानंतर आठवडाभरात तिचं विमान होतं.

बॅग भरायला तिने रविवार धरला. हॉलमध्ये सतरंजीवर सगळं पसरलं होतं, लोकरीचे कपडे, मसाल्याच्या पुड्या, लोणच्याची बरणी प्लास्टिकमध्ये तीन वेळा गुंडाळलेली. आईने सुकट द्यायचा हट्ट धरला होता आणि मुलगी म्हणत होती की विमानतळावर कुत्रं मागे लागेल. त्या दोघींचं ते चाललं होतं. मी वजनकाटा धरून बसलो होतो. बॅग उचलायची, काट्याला अडकवायची, आकडा सांगायचा, हे काम मला दिलं होतं. दोनदा आकडा जास्त आला म्हणून तिने एक स्वेटर काढला. स्वेटर बाजूला ठेवून ती म्हणाली, पप्पा, आता बघा.

मी बॅग उचललीच नाही. मी म्हणालो, "तू जाऊ नयेस असं मला वाटतं."

आवाज माझाच होता, पण इतका मोठा निघाला की बायको सुकटीची पिशवी हातात धरून उभीच राहिली. मुलीने वर बघितलं. या वेळी ती माझ्याकडेच बघत होती, कपाळाकडे. माझं कपाळ तेव्हा काय करत होतं मला ठाऊक नाही. नाकातून पाणी येत होतं एवढं कळत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

तिने माझ्या हातातला काटा काढून घेतला. मग म्हणाली, "मी त्या दिवशी त्याचसाठी विचारलं होतं. तुमी नको म्हणाला असतात ना, तर मी गेले नसते. नक्की नसते गेले."

मी म्हणालो, "मग मी गप्प राहिलो ते बरं झालं की वाईट झालं?"

"मला नाय कळत, पप्पा," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मला खरंच नाय कळत."

तिला जाऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. तिकडे तिचं छान चाललंय. रविवारी व्हिडिओ कॉल येतो, बर्फ दाखवते, स्वयंपाक दाखवते, मित्रमैत्रिणी दाखवते, आणि तिचा चेहरा इतका खुललेला असतो की मला वाटतं, मी तेव्हाच बोललो असतो तर हे सगळं बुडालं असतं. मग कॉल संपतो आणि मला वाटतं, मी तेव्हाच बोललो असतो तर ती आत्ता आतल्या खोलीत असती. दोन्ही मला खरंच वाटतं. प्रत्येक कॉलच्या शेवटी मी तिला सांगतो की तुझी आठवण येते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला वाटलं माझी तब्येत बिघडलीय, तिने लगेच आईला फोन द्यायला सांगितला.